मॉर्ग शिफ्टचे कोल्हापुरातले दोन चाहते

सोमेश पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याचे वडील नुकतेच गेले होते, आणि मी त्याच्या छातीकडे बघत होते.

गैरसमज नको. छातीवर टी-शर्ट होता. काळा, धुऊन धुऊन विटलेला. त्यावर पांढऱ्या काटेरी अक्षरांत जे नाव होतं, ते या गावात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं. बाभळीची फांदी कुणी भिंतीवर आपटावी तशी ती अक्षरं... मॉर्ग शिफ्ट.

गंगावेशीकडून नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान. बांबू, कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकी, गुलाल. पाटी नाही. ज्याला लागतं त्याला दुकान बरोबर सापडतं. आई मी लहान असतानाच गेली, थोरला भाऊ कृष्णात जहाजावर नोकरीला, त्यामुळं दुकानात आबा आणि मी. आबा म्हणजे माझे वडील. पदवी होईपर्यंत दुकानात बसते, असं मी म्हणाले होते. पदवी झाली, तरी बसलेलीच होते.

गिऱ्हाईक आलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला. जाळायचं का पुरायचं? ऐकायला वाईट वाटतं, पण विचारावंच लागतं. प्रत्येकाच्यात वेगळं असतं, आणि त्या घडीला माणसाला स्वतःचं नावसुद्धा आठवत नसतं.

"काय लागतंय?" मी म्हटलं.

"सगळं," तो म्हणाला. "जे काय लागतंय ते सगळं द्या."

"कोण गेलं?"

"वडील."

"हा टी-शर्ट कुठं मिळाला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते, पण खोल गेलेले. "बेंगळूरला," तो म्हणाला. "मावसभावानं दिला... का ओ?"

"काय न्हाय."

मी दोन बांबू काढले, कामट्या बांधल्या, कापड फाडलं, मडकं दिलं. सगळं टेम्पोत चढवलं. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तरी मी तिकडंच बघत होते. कोल्हापुरात अजून एक जण होता तर.

थोड्या वेळानं टेम्पो परत आला. सामान तसंच. सोमेश खाली उतरला आणि अपराध आपलाच असल्यासारखा म्हणाला, "आम्ही लिंगायत हाय. आमच्यात जाळत न्हाईत... बसवून नेत्यात. काका लई वरडाय लागल्यात."

आबा खोकत आतून आले. माझ्याकडं एकदाच बघितलं, ते पुरे होतं. मग त्यांनी स्वतः बसवून न्यायचं विमान जोडून दिलं, विभूती दिली, बेलाची पानं शेजारच्या फुलवाल्याकडून आणवली. टेम्पो दुसऱ्यांदा गेला. चुकीचं सामान मात्र रस्त्यात राहिलं.

आता पंचाईत अशी की मेलेल्या माणसाच्या नावानं दुकानाबाहेर गेलेली वस्तू आम्ही परत आत घेत नाही. आजोबांपासूनचा नियम. त्याच्या घरीही ती जाऊ शकत नव्हती. आबांनी ते बांबू बाहेरच्या भिंतीला टेकवले. सोमेश जाताना त्यांनी त्याला सांगितलं होतं, "दिवसकार्य झालं की या पावणं. ज्यानं नेलं त्यानंच घाटावर नेऊन द्यायचं. तिथं कुणा गरिबाला उपयोगी पडतंय."

आमच्या दुकानात कुणालाही 'या' म्हणत नाहीत. कुणी म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. सोमेशला म्हटलं गेलं, ते माझ्या चुकीमुळं. त्या चुकीचं मला आजही वाईट वाटत नाही.

*

मॉर्ग शिफ्ट माझ्याकडं आली ती कृष्णातदादामुळं. परदेशी बंदरातल्या जुन्या बाजारात त्याला एका फिनलंडच्या बँडची कॅसेट दिसली. कव्हरवर हाडं. त्यानं ती आणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "आपल्या धंद्याला शोभतीया."

तिचं नाव 'कोल्ड रूम'. एकतीस गाणी, आणि सगळी मिळून चहा उकळून गाळेपर्यंत संपतात. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं टेपनं फीत खाल्ली. बाहेर काढून पेन्सिलीनं गुंडाळली, पुन्हा लावली. तोच आवाज. ड्रम असा की दोन ठोक्यांमध्ये सुई घालायला जागा नाही. गिटार गंजलेल्या करवतीची. आणि गाणारा माणूस गातच नव्हता, पोटाच्या तळातून घोगरं काहीतरी ओकत होता. एक गाणं काय होतं ते कळायच्या आत पुढची दोन होऊन गेलेली.

आबा आतून म्हणाले, "कुणाची गिरणी बिघडली गं?"

मी बंद करणारच होते. पण त्याच दुपारी एक बाप आला. बाळाचं कापड न्यायला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "जरा मऊ असलं तर बघा की." मी मऊ दिलं. त्यानं हात जोडले आणि तो गेला. आमच्या दुकानात कुणी ओरडत नाही हो. सगळे हळू बोलतात, दबून बोलतात, आणि बाकीचे 'देवाची मर्जी' म्हणतात. मी आत गेले, 'कोल्ड रूम' लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. तो फिनलंडचा अनोळखी माणूस माझ्या वतीनं ओरडला. त्या दिवसापासून मी त्यांची.

फिनलंडमधल्या कुठल्याशा थंड गावातले चौघे. ड्रमवाला यार्नो दिवसा खाटीकखान्यात कामाला. हे सगळं कव्हरच्या बारीक अक्षरांत होतं, ते मी डिक्शनरी घेऊन वाचलं. पुढच्या खेपेला दादानं दुसरी आणली, 'पेपरवर्क'. ती मला जास्त आवडते. माणूस मेल्यावर मागं राहिलेल्यांना जे शिक्के, सह्या, दाखले गोळा करत फिरावं लागतं, त्यावर आख्खी कॅसेट. दाखल्यासाठी खेटे घालून आमच्या पायरीवर टेकलेली माणसं मी रोज बघत होते. त्यांचं दुःख कुणी गाण्यात घालेल असं वाटलं नव्हतं, आणि घातलं तर ते असंच घालायला हवं होतं. रागानं, घाईनं, चाल न लावता.

आबांनाही पुढं सवय झाली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की म्हणायचे, "लाव तुझी गिरणी."

*

सोमेश आला. दिवसकार्य आटोपून, साध्या पांढऱ्या शर्टात. मला थोडं वाईटच वाटलं.

"ते बांबू..." तो म्हणाला.

"एकट्याला न्हाय जमायचे," मी म्हटलं. हे खोटं होतं. "चला, एक टोक मी धरते."

त्यानं पुढची टोकं खांद्यावर घेतली, मी मागची. आणि आम्ही भर दुपारी घाटाकडं निघालो. दोन बांबू, दोन माणसं, मध्ये कोणीच नाही. एक सायकलवाला खाली उतरला. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले, मग वर बघितलं आणि गोंधळून तसाच उभा राहिला. पुढं सोमेशची मान ताठ. त्याच्या मानेवर घामाची एक रेघ होती, ती मी घाटापर्यंत बघत गेले.

"तुमास्नी कुठलं गाणं आवडतंय?" मागं न बघता त्यानं विचारलं.

"पुढं बघून चाला पावणं."

"पुढंच बघायलोय. सांगा की."

"'नेक्स्ट'."

तो एकदम थांबला. बांबू माझ्या खांद्यात बसला.

"'नेक्स्ट' सात सेकंदांचं हाय," तो म्हणाला. "त्यात एकच शब्द हाय."

"मग? आमच्या धंद्याचं सगळं त्यात आलंय."

तो हसला. आवाज आला नाही, पण बांबू हलला. त्याचं हसू बांबूतून माझ्या खांद्यापर्यंत आलं... आणि मी तिथंच संपले. खरं सांगायचं तर तेव्हाच.

"अप्पा गेल्यापास्नं पहिल्यांदा हसलो," तो म्हणाला.

"रडला का?"

"न्हाय. जमंना झालंय."

"मग हसल्याचं कौतुक नको. अजून काम राहिलंय तुमचं."

घाटावर आम्ही बांबू चितेला लागणाऱ्या शेणींच्या ढिगाजवळ उभे केले. नदीला पाणी कमी होतं. पलीकडं एक चिता विझत आलेली, धूर आमच्याकडं येत होता आणि दोघांच्याही डोळ्यांत जात होता. त्यानं विचारलं, परत आलो तर चालंल का. मी म्हटलं, आमच्याकडं परत येणाऱ्याला लोक काय म्हणतात माहीत हाय का. तो म्हणाला, "म्हणू देत की."

*

मग तो येत राहिला. गूळ बाजारातलं वडिलांचं दुकान आता त्याच्या गळ्यात होतं. ते बंद करून संध्याकाळी यायचा, अंगाला गुळाचा वास. तो पायरीवर, मी आत, मध्ये मडक्यांची उतरंड. पण आमच्या दुकानात पायरीवर बसलेला माणूस बघितला की रस्त्यानं जाणारा थांबून विचारणारच, "कोण गेलं ओ?" सोमेश पहिल्यांदा म्हणाला, "कुणी न्हाय." मग कंटाळून कुणाचं तरी नाव सांगू लागला. लांबची आत्या, चंदगडचा मामा. महिन्याभरात त्याचं निम्मं घर त्यानं संपवलं.

"असं बोलू नये," मी म्हणायचे.

"मग काय सांगू? तुला बघाय आलोय म्हणून?"

"सांगून तर बघ."

त्यानं एका बाईला खरंच सांगितलं. ती बाई त्याच्या गल्लीतली निघाली.

आमचं बोलणं मात्र बहुतेक मॉर्ग शिफ्टवरच. 'कोल्ड रूम' भारी की 'पेपरवर्क' यावर आम्ही तुटून पडायचो. तो म्हणायचा, पहिल्या कॅसेटीत ताकद हाय, दुसरीत नुसतं डोकं. मी म्हणायचे, ताकद रेड्यातही असते. तो यार्नोचा भक्त. पायरीवर दोन्ही तळवे आपटून यार्नो वाजवून दाखवायचा, बोटं लाल होईस्तोवर, आणि तरी ताल निम्म्यानंच गाठायचा. मी त्या बोटांकडं बघत राहायचे आणि म्हणायचे, "पुरे. मडकी हादरायलीत."

तिसरी कॅसेट येणार असं अमरेशनं, त्या बेंगळूरच्या मावसभावानं, कळवलं. आणि त्याच फोनवर हेही की यार्नो गेला. खाटीकखान्यातून घरी जाताना, बर्फावरून गाडी घसरून. राहिलेल्या तिघांनी कॅसेट पुरी केली. तिचं नाव 'नो फ्लॉवर्स'.

ती आम्ही एकत्र ऐकली. आबा दवाखान्यात छातीचा फोटो काढायला गेलेले. बाहेर पाऊस लागलेला, बांबूंना ओला वास. सोमेश पहिल्यांदाच मडक्यांच्या अलीकडं आला आणि कापडाच्या ताग्याला टेकून बसला. मधल्या सगळ्या गाण्यांत यार्नो होता, आधी वाजवून ठेवलेला. पूर्वीपेक्षा पिसाट. मग शेवटचं गाणं आलं. त्याला नाव म्हणून यार्नोचंच नाव. त्यात ड्रम नव्हता.

गिटार त्याच वेगानं धावत होती, तो माणूस त्याच जागी ओरडत होता, आणि ठोका पडायचा तिथं काहीच नव्हतं. त्यांनी ती जागा भरली नव्हती. दुसरा माणूस आणला नव्हता. दर ठोक्याला वाटायचं आता पडेल... आणि पडायचा नाही. अख्खं गाणं असंच, आपण पाय उचलावा आणि पायरी नसावी.

मी मॉर्ग शिफ्टवर खूप प्रेम केलं, पण त्या गाण्याइतकं खरं दुसरं काही त्यांनी केलं नाही. गेलेल्या माणसाचं कौतुक त्यात नाही. तो नाही, एवढंच आहे.

कॅसेट खट् करून थांबली. सोमेशनं ताग्यात तोंड खुपसलं होतं. पाठ हलत होती. "अप्पा," एवढंच कळलं. वर्ष उलटून गेल्यावर तो आपल्या बापासाठी रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कापड भिजलं."

"आता विकता यायचं न्हाय ते."

"माझ्यासाठी ठेव मग."

"असलं बोलशील तर थोबाड फोडीन," मी म्हटलं. आणि तोंडात आलेलं मागं घेता आलं नाही. "लग्न करणार काय माझ्याशी?"

"व्हय," तो नाक पुसत म्हणाला. "अव्वाला सांगतो."

*

अव्वा म्हणजे त्याची आई, चन्नम्मा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षानं आल्या. पायरी चढल्या नाहीत. रस्त्यातच उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर, आणि माझ्या तोंडाकडं न बघता माझ्या हातांकडं बघत बोलल्या.

"माझ्या मालकांचं कापड ह्या हातानं फाडलंस न्हवं?"

"व्हय."

"त्याच हातानं माझ्या घरात भाकरी थापणार?"

"हात धुतो की आम्ही," मी म्हटलं.

बोलायला नको होतं. पण त्या आधीपासूनच रागावलेल्या होत्या. मग त्या जे म्हणाल्या त्यात आरडाओरडा नव्हता, ते जास्त वाईट. "माझं एकच पोरगं हाय. तुझ्या दुकानाची सावली त्याच्यावर मी पडू देणार न्हाय. अप्पाची आन घातलीया त्याला. आता तो यायचा न्हाय."

तो आला नाही.

दिवाळी गेली, आला नाही. होळीला गावानं दान दिलेल्या शेणींचे टेम्पो घाटाकडं गेले, तेव्हाही मी रस्त्याकडं बघून घेतलं. मला राग त्याच्या आईचा नव्हता. तिची भीती मला समजत होती. लहानपणापासून लोक माझ्या हातचं पाणी नको म्हणत आलेत. राग त्याचा होता. बापाची शपथ पाळतोस तर पाळ, पण एकदा येऊन तोंडावर तर सांग. मी त्याला शिव्या घालायचे, त्या फिनलंडवाल्या घोगऱ्या आवाजात, 'पेपरवर्क' लावून, म्हणजे गल्लीला वाटावं कॅसेटच आहे. आणि शिव्या संपल्या की तो हवासा वाटायचा. इतका, की गुळाची ढेप फोडली तरी घरात थांबवत नव्हतं.

तेवढ्यात आबांची छाती पुरती गेली. डॉक्टरांनी फोटो खिडकीकडं धरला आणि परत पाकिटात घातला. शेवटच्या दिवसांत आबांनी एकदाच विचारलं, "त्यो बांबूवाला येत न्हाय आताशा?" मी म्हटलं, न्हाय. "चांगला होता," ते म्हणाले. "लाव तुझी गिरणी." मी हळू आवाजात लावली. ते ऐकता ऐकता झोपायचे.

आबा श्रावणात गेले, सकाळी, माझ्या हातात पाण्याचा पेला असताना.

*

गल्ली जमली. आबांची बहीण विठाबाई आत्या आली, तिचे यजमान आले. कृष्णातदादाचं जहाज कुठल्याशा समुद्रात होतं, त्याला यायला आठवडा लागला असता. मडकं कोण धरणार यावर पुरुषांत कुजबुज सुरू झाली. "मी धरणार," मी म्हटलं. आत्या म्हणाली, "धरू दे की तिला." तो विषय तिथं संपला.

खरी अडचण वेगळीच निघाली. तिरडी बांधायला कुणी पुढं येईना. अख्ख्या पेठेच्या तिरड्या आबांनी नाहीतर मी बांधलेल्या. लोकांना ते शिकायची गरजच पडली नव्हती. एकानं बांबू उचलला, उलटा धरला आणि खाली ठेवला. मी दुकानासमोर रस्त्यात बसले, दोन बांबू पुढ्यात घेतले, कामटी लावली. पहिली गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. चाळीसभर माणसं बघत उभी, आणि हलत कोणी नव्हतं.

समोरून कुणीतरी बांबूचं दुसरं टोक धरलं.

"कशी मारायची सांग," सोमेश म्हणाला.

मी वर बघितलं नाही. "आन घातलीया न्हवं तुला?"

"अव्वाला सांगून आलोय."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझं माणूस गेलंय."

मी त्याला गाठ सांगितली. वीतभर सोडायचं, सुतळी खालून घ्यायची, दोन वेढे, मग ओढायचं. तो मारत गेला. वाकड्यातिकड्या, पण घट्ट. त्याच्या बोटांना सुतळी कापत होती. शेवटची गाठ पडली तेव्हा मला कळलं की आता ह्याच्यावर आबांना ठेवायचं... आणि माझ्या पोटातून आवाज आला.

ते रडणं नव्हतं. बायका रडतात तसा सूर त्याला नव्हता, शब्द नव्हते. 'कोल्ड रूम'मध्ये तो माणूस ओरडतो तसं मी ओरडले, श्वास संपेपर्यंत, आणि श्वास घेऊन पुन्हा. माणसं दोन पावलं मागं सरली. कुणीतरी म्हणालं, पोरीला धरा. सोमेश म्हणाला, "कुणी धरू नका. वरडू दे तिला."

ओरडून झालं तेव्हा मला रस्त्याच्या पलीकडं चन्नम्मा दिसल्या. रिक्षा सोडून उभ्या होत्या. पोराला परत न्यायला आल्या असणार. कधीपासून बघत होत्या कोण जाणे. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, रस्ता ओलांडला, माझ्यापाशी आल्या आणि बसल्या. माझे दोन्ही हात, सुतळीची कुसं लागलेले, त्यांनी आपल्या मांडीवर घेतले. मग उठून आत्याजवळ गेल्या आणि हळूच काहीतरी विचारलं. आत्यानं आपल्या यजमानांकडं बोट दाखवलं. ते खांदेकऱ्यांपासून लांब, भिंतीकडेला उभे होते, कारण ते घरचे जावई, आणि आमच्यात जावई खांदा देत नाहीत.

आबांना ठेवलं. कापड मी घातलं. पुरुष चार कोपऱ्यांना वाकले. पुढच्या उजव्या कोपऱ्याला सोमेश होता, बांबू अर्धा उचललेला.

"सोमेश," चन्नम्मा म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकू गेला. "तू खांदा देऊ नको. ह्यांच्यात जावई देत न्हाईत."

सोमेशनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. बांबू दुसऱ्याच्या हातात दिला आणि भिंतीकडेला आत्याच्या यजमानांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.